एकाच घरातली दोन मुलं इतकी वेगळी का वागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठी मुलगी आठ वर्षांची. कुठेही गेली तरी पाच मिनिटांत तिची मैत्री जमते. धाकटा पाच वर्षांचा. नव्या ठिकाणी तुमच्या पायाला चिकटून उभा राहतो, आणि एकदा का खेळात उतरला की ढकलाढकली आणि मारामारी सुरू. शाळेतल्या बाई म्हणतात, घरातलं वातावरण तपासा. आजी म्हणतात, त्याचा स्वभावच तसा आहे, मोठा झाला की निवळेल. मुलांचं चारचौघांतलं वागणं कशाकशाने घडतं आणि या दोघींपैकी खरं कोण, असं तुम्ही विचारलं आहे.

लहान मुलांच्या वागण्याच्या अडचणींवर मी बरीच वर्षं काम करते आहे. जवळपास प्रत्येक घर हाच प्रश्न घेऊन येतं आणि त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो: चूक कुणाची? तो आपण बाजूला ठेवू, कारण त्याच्या उत्तराने मूल सुधारत नाही, फक्त घरातलं भांडण वाढतं. बाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आजींचंही अर्धं बरोबर आहे. पण मूल समोरच्याला काय करायला लावतं आणि त्याला परत काय मिळतं, हा मधला व्यवहार दोघींच्याही नजरेतून सुटला आहे. माझ्या कामाचा बराचसा वेळ त्या व्यवहाराकडे बघण्यात जातो.

आधी आजींच्या बाजूने. स्वभाव जन्मतः असतो यात शंका नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ जोडप्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. भूक-झोपेचा नियमितपणा, नव्या गोष्टीला मिळणारा पहिला प्रतिसाद, रडण्या-हसण्याची तीव्रता अशा नऊ बाबी ते बघत. सुमारे ४० टक्के मुलं त्यांना सहज जमवून घेणारी आढळली, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी. उरलेली ३५ टक्के कुठल्याच गटात नीट बसेनात, आणि मला हाच आकडा सगळ्यात प्रामाणिक वाटतो. हार्वर्डमधल्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, नवे वास, हलती खेळणी दाखवली, तेव्हा पाचातलं साधारण एक बाळ हातपाय झाडून रडायला लागायचं. अशा बाळांपैकी बरीच पुढे नव्या माणसांपुढे बुजणारी निघाली. पण सगळी नाही. मोठेपणी अगदी भिडस्त राहिली ती त्यातली थोडीच.

हा फरक कशाने पडला? थॉमस आणि चेस यांचा निष्कर्ष असा की अवघड स्वभावामुळे मूल अडचणीत येत नाही. त्या स्वभावाची आणि भोवतालच्या अपेक्षांची गाठ जुळत नाही तेव्हा येतं. हळू रुळणाऱ्या मुलाला ‘जा ना, खेळ ना, सगळे खेळताहेत’ म्हणून पुढे ढकललं तर ते आणखी आक्रसतं. उलट, त्याला त्रास नको म्हणून प्रत्येक वाढदिवस आणि प्रत्येक पाहुणा टाळत गेलं, तर भीती टाळली की बरं वाटतं एवढंच ते शिकतं. या दोहोंच्या मधली वाट कंटाळवाणी आहे: कार्यक्रमाला जरा लवकर जायचं, म्हणजे गर्दी हळूहळू वाढताना त्याला दिसते, सोबत थांबायचं, पण त्याच्या वतीने बोलायचं नाही.

‘दोघांना सारखंच वाढवलं’ हे वाक्य मला फार ऐकू येतं. सारखं वाढवणं शक्यच नसतं. तुमची मुलगी तीन वर्षं एकटी होती; तिच्या पहिल्या शब्दापासून पहिल्या पावलापर्यंत सगळ्याला टाळ्या पडल्या. मुलगा जन्मला त्या घरात आधीच एक बोलकी, चलाख ताई होती, आईबाबांकडे कमी वेळ होता आणि जास्त अनुभव होता. पत्ता तोच असला तरी तो वेगळ्या घरात वाढतो आहे. पन्नासेक वर्षांतले जुळ्यांवरचे अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये जे मोठं विश्लेषण झालं त्यात, सगळे गुणविशेष धरून, माणसामाणसांतल्या फरकांपैकी सरासरी ४९ टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. या आकड्याचा अर्थ ‘माझ्या मुलाचं अर्धं वागणं रक्तातलं’ असा अजिबात नाही. तो लोकसंख्येतल्या फरकांबद्दल आहे, एका मुलाबद्दल नाही. पण वर्तनाच्या अशा अभ्यासांत आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. परिस्थितीचा जो वाटा उरतो, त्यातला मोठा भाग भावंडांना सारखं करण्यापेक्षा वेगळं करतो.

आता तो मधला व्यवहार. पालकांमुळे मूल घडतं असंच सगळे गृहीत धरत होते, तेव्हा १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बेल यांनी एक साधी शंका काढली: मुलामुळेही पालक घडत असतील ना? पुढे १९८६ मध्ये एक सुरेख प्रयोग झाला. वर्तनसमस्या असलेल्या मुलग्यांच्या आया आणि तशी समस्या नसलेल्या मुलग्यांच्या आया. प्रत्येक आईला आपल्या मुलाबरोबर आणि दोन्ही प्रकारच्या परक्या मुलांबरोबर थोडा वेळ बसवलं. समस्या असलेला मुलगा समोर आला की कुठलीही आई जास्त दटावू लागली, जास्त हुकूम सोडू लागली. एरवी शांत असणारीसुद्धा. ‘आईच चिडकी म्हणून मुलगा तसा’ असं कुणी म्हणालं की मला हा प्रयोग आठवतो.

म्हणजे आई सुटली का? नाही, कारण चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन आणि त्यांचे सहकारी घराघरांत बसून मिनिटामिनिटाची नोंद करत आणि त्यांना एकच साखळी वारंवार दिसली. ती तुमच्याही घरात असेल. आई म्हणते, ‘खेळणी आवर.’ मूल ऐकत नाही. ती पुन्हा सांगते, मग आवाज चढवून सांगते. मूल किंचाळतं, वस्तू फेकतं. आई थकते आणि म्हणते, ‘जाऊ दे, मीच आवरते.’ क्षणात शांतता. मुलाला काय मिळालं ते उघड आहे. किंचाळलं की काम टळतं. आईला काय मिळालं ते सहसा लक्षात येत नाही. तिला शांतता मिळाली, आणि शांतता हे भलतंच मोठं बक्षीस आहे. त्यामुळे पुढच्या वेळी ती आणखी लवकर माघार घेते. एखाद्या दिवशी ती माघार न घेता फटका मारते आणि मूल गप्प होतं, तेव्हा फटका मारायचं बक्षीस तिला मिळतं. दोघंही एकमेकांना शिकवत असतात आणि दोघांनाही वाटतं, समोरचा मुद्दाम करतोय. हेच मूल शाळेत जातं आणि तिथे तीच युक्ती वापरतं, कारण त्याच्या अनुभवात ती लागू पडते.

ही साखळी तोडायला मोठी शिस्त लागत नाही, हुकूम कमी करावे लागतात. दिवसभरात तुम्ही किती सूचना देता ते एकदा मोजा. बहुतेकांना धक्का बसतो. त्यातल्या ज्या खरोखर पार पाडून घ्यायच्या आहेत तेवढ्याच द्याव्यात. दुसऱ्या खोलीतून ओरडून नव्हे, जवळ जाऊन, एकदा. आणि मूल ऐकतं तेव्हा ते दिसलं पाहिजे. घरात गोंधळ होतो तेव्हा सगळे धावतात आणि मूल शहाण्यासारखं खेळत बसलेलं असतं तेव्हा सगळे आपापल्या फोनमध्ये, हे चित्र मी इतक्या घरांत पाहिलं आहे की त्याची आता गंमतही वाटत नाही.

मारण्याबद्दल. ‘हा मारायला शिकला कुठून?’ असं पालक विचारतात. कॅनडातल्या रिशार त्राँब्ले यांच्या दीर्घ अभ्यासांनी हा प्रश्नच उलटा केला. शारीरिक आक्रमकता सगळ्यात जास्त दिसते ती साधारण दोन-तीन वर्षांच्या वयात, आणि पुढे बहुतेक मुलांमध्ये ती उतरत जाते. मारणं शिकावं लागत नाही. न मारणं शिकावं लागतं. तेव्हा पाच वर्षांच्या मुलाबद्दल खरा प्रश्न असा की ते शिकणं कुठे अडलं? मारण्याच्या तऱ्हा मात्र मुलं नक्की उचलतात. १९६१ मधल्या अल्बर्ट बांदुरा यांच्या प्रयोगात तीन ते सहा वर्षांची ७२ मुलं होती. मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला मारताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी पुढे तेच फटके आणि तेच शब्दसुद्धा वापरले. फटके देऊन शिस्त लागते का? २०१६ मध्ये सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा पालकांचे फटके आणि मुलांची वाढती आक्रमकता यांचा संबंध दिसला. यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे अशा माहितीवरून पूर्ण सुटत नाही, वरची साखळी लक्षात घेता दोन्ही असणार. पण फटक्यांनी वागणं सुधारतं असं काही त्यात सापडलं नाही.

न मारणं शिकायला दोन गोष्टी लागतात: शब्द आणि दुसऱ्याच्या मनाचा अंदाज. ज्याला ‘माझी पाळी आहे’ हे वेळेवर म्हणता येत नाही त्याचा हात आधी जातो. बोलणं उशिरा आलेल्या मुलांत मारणं आणि चावणं जास्त रेंगाळतं ते यामुळेच. दुसऱ्याच्या मनाचा अंदाज साधारण चार वर्षांच्या आसपास येऊ लागतो. १९८३ मध्ये विमर आणि पेर्नर यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली: एक मुलगा चॉकलेट कपाटात ठेवून बाहेर जातो, मागे आई ते दुसरीकडे ठेवते, परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सांगतात, जिथे आता आहे तिथे. आपल्याला माहीत आहे ते त्याला माहीत नाही, हे त्यांच्या डोक्यात बसत नाही. ही समज ज्या घरांत मनातल्या गोष्टींबद्दल बोललं जातं तिथे लवकर येते. ‘ताई का रडली असेल?’ ‘तो दमला होता म्हणून खेकसला का?’ असली किरकोळ वाक्यं. भावंडांची भांडणंही याच शिकवणीत मोडतात, फक्त दर वेळी न्यायाधीश होऊन निकाल देऊ नका.

काही मुलांना अंदाज येतो, पण तो सतत एकाच दिशेने चुकतो. केनेथ डॉज यांनी हे दाखवून दिलं. रांगेत धक्का लागला, मुद्दाम की चुकून ते कळायला मार्ग नाही. अशा वेळी मारकुटी मुलं ‘मुद्दामच मारलं’ असं धरून चालतात. मग ती उलट मारतात, समोरचा खरोखर चिडतो, आणि यांचा अंदाज खरा ठरतो. तुमच्या मुलाला एखाद्या भांडणानंतर शांतपणे विचारून पहा: ‘त्याने असं का केलं असेल?’ उत्तर नेहमी ‘त्याला मी आवडत नाही’ असंच असेल, तर काम मारण्यावर करण्याआधी त्या समजुतीवर करावं लागेल.

आता मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते: खेळात शिरणं. मुलांच्या जगातलं हे सगळ्यात अवघड काम, आणि मोठ्यांना ते कामच वाटत नाही. चार मुलं खेळताहेत, पाचव्याला त्यात जायचं आहे. ज्यांच्याशी खेळायला सगळ्यांना आवडतं ती मुलं काय करतात, हे मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ मध्ये बारकाईने पाहिलं. ती मुलं चाललेल्या खेळाचा रोख ओळखतात आणि त्यात बसेल असंच बोलतात. ज्यांना कुणी फारसं विचारत नाही ती मुलं खेळाचा विषय बदलू पाहतात, स्वतःबद्दल सांगू लागतात, ‘असं नाही खेळायचं’ म्हणतात. साहजिकच त्यांना बाहेर काढलं जातं. तुमच्या वर्णनावरून तुमच्या मुलाचंही असंच होत असावं असं मला वाटतं. तो बराच वेळ कडेला उभा राहतो, आत कसं जायचं ते सुचत नाही, आणि मग सगळी हिंमत एकवटून धडक मारतो. बुजणं आणि मारणं या त्याच्या दोन वेगळ्या अडचणी नसाव्यात, एकाच अडचणीची दोन टोकं असावीत.

कडेला उभं राहून बघणं यात वाईट काही नाही. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले तेव्हा ‘प्रेक्षक’ हा त्यातला एक धरला होता. शेजारी बसून आपापलं खेळणं हाही एक. तुमच्या मुलाला बघू द्या, पण बघण्याला पुढची पायरी द्या. घरी ताईच्या मदतीने नाटक करा: ताई दुकान मांडून बसली आहे, तू कोण होऊन येशील? गिऱ्हाईक? सामान पोहोचवणारा? ‘मी पण खेळू?’ या प्रश्नाला नकार मिळणं फार सोपं असतं. गिऱ्हाईक होऊन आलेल्याला सहसा कुणी हाकलत नाही. पाच वर्षांच्या मुलाला हे आठवड्याभरात येणार नाही, पण येतं. सुरुवात एकाच मुलापासून करा, त्याला घरी बोलवा, वेळ थोडा ठेवा आणि खेळ रंगात असतानाच थांबवा.

याची घाई मी का करते आहे, तर वर्गात मुलाची जी ओळख बनते तिच्यामुळे. वर्गात काही मुलं दुर्लक्षित असतात आणि काही नकोशी असतात. या दोन गटांचं भवितव्य सारखं नाही. चौथीतल्या मुलग्यांना अनोळखी मुलांच्या गटांत खेळायला सोडलं, तेव्हा शाळेत नकोशी असलेली मुलं थोड्याच आठवड्यांत नव्या गटातही नकोशी झाली. दुर्लक्षित मुलं मात्र नव्या जागी जास्त मोकळी झाली. म्हणजे शांत मुलाला कधीकधी फक्त दुसरी संधी हवी असते, मारणाऱ्या मुलाला कौशल्य हवं असतं. शिवाय एकदा ‘हा मारतो’ असा शिक्का बसला की इतर मुलं त्याच्या प्रत्येक हालचालीकडे त्याच नजरेने बघतात, आणि बाईसुद्धा. शाळेशी बोलताना ‘तो असं का करतो’ हे विचारू नका. ‘कुठल्या वेळी, कुणाबरोबर, काय चाललं असताना करतो’ असं विचारा. पुष्कळदा सगळे प्रसंग मधल्या सुट्टीतले किंवा रांगेतले निघतात आणि उपाय जागा बदलण्याइतका साधा असतो.

बाकीच्या गोष्टी झपाट्याने. स्क्रीन: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेत दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे. मला पडद्यापेक्षा जास्त काळजी वाटते ती त्यामुळे हुकलेल्या खेळाची, गप्पांची आणि झोपेची. बक्षिसं: हट्टाच्या काळात नवी सवय लावायला थोडी चालतील, पण मदत केल्याबद्दल देऊ नका. २००८ च्या एका प्रयोगात वीस महिन्यांच्या बाळांना मदतीबद्दल खेळणं दिलं गेलं, तेव्हा पुढे त्यांचं मदत करणंच कमी झालं. संयम: तो मुलाइतकाच मोठ्यांच्या शब्दावर अवलंबून असतो. २०१३ मध्ये मिठाई समोर ठेवून थांबायला सांगण्याच्या प्रयोगात, ज्यांना आधी दिलेलं वचन पाळलेलं दिसलं होतं ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं होतं ती ३ मिनिटं. ‘उद्या नक्की’ म्हणताना हे लक्षात असू द्या.

आणि तुमच्या मनातला अपराधीपणा. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आया आणि तान्ह्या बाळांच्या चेहऱ्यांची सूक्ष्म निरीक्षणं केली, तेव्हा दोघांचा सूर जुळलेला असण्याचा काळ जेमतेम ३० टक्के भरला, आणि ही अगदी नीट चाललेली घरं होती. उरलेला वेळ सूर चुकायचा आणि पुन्हा जुळवायचा. चिडलात तर चिडलात. नंतर जवळ घेऊन ‘मी जास्तच ओरडले’ म्हणता येतं, आणि मूल त्यातूनच नातं दुरुस्त करायला शिकतं. त्याउलट, जिथे जुळवायला कुणी नसतंच तिथे नुकसान खरं असतं. रोमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ बालकांवर झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात हे दिसलं. साधारण वयाच्या दोन वर्षांच्या आत पालक-कुटुंबात (मूल सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात) गेलेल्या मुलांना जवळीक जुळवणं सोपं गेलं, उशिरा गेलेल्यांना कठीण. घराचा काहीच परिणाम नसतो असं म्हणणाऱ्यांना ते उत्तर आहे. तुमचं घर त्या टोकाच्या जवळपासही नाही.

आता लगेच करायचं ते. दोन आठवडे एक वही ठेवा: मारण्याच्या आधी काय झालं, तो काय म्हणाला, लगेच नंतर त्याला काय मिळालं. झोप आणि भूक याचीही नोंद करा. दुपारची झोप नुकतीच सुटलेल्या मुलांच्या बऱ्याच मारामाऱ्या संध्याकाळच्या असतात. त्याची श्रवणचाचणी करून घ्या, विशेषतः सारखी सर्दी होत असेल किंवा तो तोंडाने श्वास घेत, घोरत झोपत असेल तर. कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येणाऱ्या मुलाला मागून आलेली हाक ऐकूच येत नाही, आणि अंगावर आलेला सवंगडी त्याला हल्ल्यासारखा वाटतो. ही गोष्ट वर्षभर ‘उद्धटपणा’ म्हणून चालून जाते.

तज्ज्ञाकडे जायला पुढल्या गोष्टींपैकी एकही पुरेशी आहे: नजरेला नजर देणं, बोट दाखवून काही सांगणं, नाटकी खेळ हे कधी नीट आलंच नाही, बोलणं त्याच्या वयाच्या मानाने मागे आहे किंवा आलेलं मागे गेलं, मारण्यात इतरांना इजा होते आहे, घरी, शाळेत, नातेवाइकांकडे सगळीकडे हेच सहा महिने चाललं आहे, किंवा घरात कुणी कुणाला मारतं. शेवटची गोष्ट असेल तर मुलाला माझ्याकडे आणण्याआधी घरातली मारहाण थांबवण्यासाठी मदत घ्या. यातलं काहीच नसेल तर वही, श्रवणचाचणी आणि गिऱ्हाईकाचं नाटक इथून सुरुवात करा, आणि तीन महिन्यांनी बाईंना पुन्हा विचारा की मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर असतो.